आरशातून ऐकणारा माणूस

आमच्या नाटक कंपनीत टोप, म्हणजे नटांचे खोटे केस, करणारे एक गृहस्थ होते. उजव्या कानामागे कायम बारीक दातांचा कंगवा खोचलेला असायचा, म्हणून लहानथोर सगळे त्यांना कंगवामामा म्हणत. नव्या नटांना ते आडनावच वाटायचं. एकदा कुणीतरी लग्नपत्रिकेवर ‘श्री. कंगवे, सहकुटुंब’ असं लिहून पाठवलं. मामांनी ती पत्रिका आरशाच्या चौकटीत अडकवली आणि येईल त्याला दाखवली.

रंगमंचामागच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. छत इतकं उतरतं की उंच नटाला आत शिरताना मान तुकवावीच लागे. ‘इथे राजासुद्धा वाकून येतो,’ मामा म्हणायचे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर लाकडी डोकी, डोक्यांवर केस. कुठे न्यायाधीशाचे, कुठे वेड लागलेल्या राणीचे, कुठे दारुड्या खलाशाचे. ‘एवढी डोकी आहेत खोलीत, पण एकही उलट उत्तर करत नाही. तुम्ही मंडळी आलात की बिघडतं.’

एका भिंतीभर आरसा आणि त्याच्यापुढे फिरती खुर्ची. नट खुर्चीत बसणार, मामा त्याच्या पाठीशी उभे राहणार आणि दोघंही आरशात बघून बोलणार. माणसांशी समोरासमोर मामा फार बोललेच नाहीत. त्यांचं आयुष्य आरशातल्या तोंडांशी गप्पा मारण्यात गेलं.

त्यांचं काम बघत बसावंसं वाटे. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक जाळी घ्यायची, केसाएवढ्याच आकडीनं एकेक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचा केस. कपाळाजवळची ओळ विणताना ते श्वाससुद्धा बेतानं घेत. ‘इथला पहिला केस खोटा दिसला ना बाई, की तुमचं पुढचं सगळं रडणं खोटं,’ असं मला बजावायचे.

आणि गुपित राखण्यात पक्के. कंपनीच्या देखण्या नायकाला टक्कल आहे हे त्याच्या सासरच्यांना लग्नानंतर कळलं, पण मामांकडून नाही. मला एकदा तापानं घेरलं आणि केस पुंजक्यापुंजक्यानं गळायला लागले. मी उशीवरचे केस कागदात बांधून रडत मामांकडे गेले होते. त्यांनी तेच केस धुतले, विंचरले आणि टोपाच्या पुढच्या ओळीत विणले. ‘तुमचेच आहेत, खोटे कोण म्हणेल?’ एवढंच बोलले. कंपनीत कुणाला आजतागायत पत्ता नाही. आज मीच सांगतेय, म्हातारपणी माणसाला कसली लाज!

पण मामांना होती. दुसऱ्यांचं सगळं झाकणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक उणं काही उघड करता येईना, आणि त्यापायी त्याचं घर मोडायची वेळ आली. त्याचीच ही हकिगत.

मामांना ऐकू येईनासं झालं ते हळूहळू, भिंतीला ओल चढावी तसं. आधी विंगेतली कुजबुज गेली, मग पावलं, मग पाठीमागून मारलेली हाक. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आरसा होता. खुर्चीतल्या नटाचे ओठ मामा आरशात वाचायचे आणि हजरजबाबी उत्तर द्यायचे. आरशाबाहेर मात्र त्यांनी एक युक्ती काढली. कुणी काही म्हणालं की मान हलवायची आणि म्हणायचं, ‘हो हो, अगदी!’ बहुतेक वेळा निभावून जाई. जगात बहुतेक बोलणं असंच असतं, कुणीतरी ‘अगदी’ म्हटलं की माणसं खूश.

मी तेव्हा रंगभूमी सोडून घरी बसले होते, पण पाय अधूनमधून तिकडे वळायचेच. अशीच एकदा मामांच्या खोलीत बसले होते. मामा खाली वाकून टोपाला वाफ देत होते. दारात नवा नायक आला, मागे त्याची टोळी. तो ओरडला, ‘मामा, टोपाला आग लागलीय!’

मामा वर न बघता म्हणाले, ‘हो हो, अगदी!’

बोळात हशा पिकला. मामांनी मान वर केली, आरशात ती हसरी तोंडं बघितली आणि तेही हसले. कशाला हसतायत हे माहीत नसताना हसले. त्यांचे कान मात्र लालबुंद झाले होते. मी त्या नायकाची अशी हजेरी घेतली की त्या दिवशीच्या प्रयोगात तो दोनदा अडखळला. पण बाण सुटून गेला होता. त्या दिवसापासून मामांनी बोलणंच कमी केलं. घरीसुद्धा.

घरी मामी होत्या. मामी म्हणजे खणखणीत प्रकरण. एके काळी त्या कंपनीच्या कपड्यांच्या पेट्या सांभाळायच्या, आणि त्यांनी मागच्या अंगणातून हाक मारली की तिकीटखिडकीवरचा माणूस दचकायचा. ‘माईक बिघडला तर मामींना उभं करा,’ असं म्हणायचे सगळे. त्याच मामींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची शीर दुखावली. उरला तो नुसता वारा. तोही काढायचा तर मान ताणायची, गळ्याच्या शिरा फुगायच्या, चेहरा पिळवटायचा. डॉक्टर म्हणाले, ‘जीव वाचला हे बघा.’ मामींनी ते बघितलं आणि गप्प झाल्या. जे काय बोलायचं ते ओट्याकडे तोंड करून, पाठमोरं.

आता बघा मंडळी, नियतीनं काय जोडी जमवली! एकाला तोंड दिसल्याशिवाय ऐकू येत नाही आणि दुसरी तोंड दाखवायला तयार नाही.

एके सकाळी मामा माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं.

‘बाई, मी घरात कशाला तरी हो म्हणालोय.’

‘कशाला?’

‘तेच तर माहीत नाही.’

मी त्यांना बसवलं, चहा ठेवला. हळूहळू उलगडा झाला. मामी ओट्यापाशी काहीतरी बोलल्या. मामांना नुसती पाठ हललेली दिसली. नेहमीच्या सवयीनं ते म्हणाले, ‘हो हो, अगदी!’ मामींनी ओटा पुसून घेतला. मग आत जाऊन पिशवी भरली आणि बसनं लेकीकडे निघून गेल्या. जाताना मामांकडे बघितलंसुद्धा नाही.

मामी काय म्हणाल्या होत्या ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. उगीच ताटकळत ठेवायची हौस आता राहिली नाही. त्या म्हणाल्या होत्या, ‘तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय का? तसं असेल तर मी लेकीकडे जाऊन राहते.’

आणि त्यावर हा सद्गृहस्थ म्हणाला, अगदी!

‘फोन करा,’ मी म्हटलं.

‘फोनमध्ये तोंड कुठे दिसतं?’

‘मग मी करते.’

‘नको!’ मामांनी माझा हातच धरला. ‘तुम्हाला माझी शपथ. बाहेरच्या माणसानं विचारलं की झालंच, बहिरा म्हणून शिक्का बसेल. लेकीच्या सासरी हसतील. मी कानाचं मशीन घेतो. पण असं, की कुणाला दिसता कामा नये. ते घालून जातो आणि म्हणतो, काय म्हणत होतीस, जरा परत बोल. कळणारसुद्धा नाही तिला.’

‘अहो मामा, बायको आहे ती तुमची. तिला सांगायला कसली लाज?’

‘तिलाच सांगायची लाज वाटते,’ मामा म्हणाले आणि चहाच्या कपात बघत राहिले.

कान तपासणाऱ्या ताईंचा दवाखाना बाजारपेठेत, चष्म्याच्या दुकानावर होता. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. आतून मामांचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. शेवटी मी कोपर मारलं तेव्हा मामा उठले. ताई दारातच उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं.

‘लक्ष नव्हतं,’ मामा म्हणाले.

ताई तरुण होत्या, पण घाई नसलेल्या. टेबलावर त्यांनी एकेक प्रकार मांडला. हा एक कानाच्या आत, नळीत बसणारा, शेंगदाण्याएवढा. बाहेरून दिसत नाही, पण ताकद कमी, सेल इवलासा, मळानं पटकन बंद पडतो. हा कानामागे बसणारा, बारीक नळीचा. हा पण कानामागचाच, पण जाडजूड, त्याच्यासोबत कानाचा साचा घ्यावा लागतो. हा जबरदस्त ताकदीचा. आणि ही डबी, खिशात ठेवायची, वायर कानात. ‘बटणं मोठी, हाताळायला सोपी, पण शर्टाला घासली की खरखर ऐकू येते.’

मामांचा हात केव्हाच शेंगदाण्यावर गेला होता.

‘काका, कपडे घेतो तसं नसतं हे,’ ताई हसून म्हणाल्या. ‘आधी कान किती गेलाय ते बघू. मग कान सांगेल ते घ्यायचं.’

मामांना बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या, जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं. मी बाहेर मासिक चाळत होते. बाहेर आले तेव्हा मामांचा चेहरा उजळला होता.

‘फारसं काही गेलेलं नाही म्हणे!’

ताई मात्र संगणकाच्या पडद्यावरच्या रेघांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. ‘आवाज आले तेव्हा बरोबर हात वर केलात. शब्दही अचूक सांगितलेत. आणि तरी बाहेर हाक ऐकू आली नाही?’

‘लक्ष नव्हतं म्हटलं ना!’

‘तुमच्या रेघांवरून तरी हे आतलं चालायला हवं. थोडे दिवस वापरून बघा, मग नक्की करू.’

मामा शेंगदाणा घालून जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर बंद दुकानाच्या काचेपुढे थांबले, मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. ‘दिसतंय का?’

‘नाही.’

‘जमलं!’ पहिला केस खरा दिसल्यावर म्हणायचे, अगदी तशाच सुरात.

दोन दिवसांनी ते लेकीकडे गेले. मी काही त्या वेळी सोबत नव्हते. हे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही मामांकडून, काही मामींकडून. लेकीनं दार उघडलं. मामी स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या, अर्थातच पाठमोऱ्या. वरचा पंखा चालू, नळ चालू, मधेच भांडं पडलं. त्या इवल्या यंत्रानं पंखा वाढवून दिला, नळ वाढवून दिला, भांडं तर कानात फोडलं. मामींचा वारा त्यात कुठल्या कुठे वाहून गेला.

मामांनी पाठ केलेलं वाक्य टाकलं, ‘काय म्हणत होतीस त्या दिवशी? परत बोल.’

मामींचा हात थांबला. पाठ थोडी हलली. त्या म्हणाल्या होत्या, ‘परत काय बोलायचं? तुम्ही हो म्हणालात. मग आता कायमचीच राहू का इथे?’

मामा वाट बघत राहिले. काहीतरी बोलणं झालंय, उत्तर द्यायला हवं, लेक बघतेय. पुन्हा विचारावं तर यंत्र घेऊनही ऐकू येत नाही हे कबूल करावं लागेल. ती लाज त्यांच्या जिभेवर बसली आणि जिभेनं जे येत होतं ते म्हणून टाकलं.

‘हो हो, अगदी.’

मामींनी सुरी ठेवली, हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. लेक समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ मामांना स्वच्छ वाचता आले, ‘बाबा, हे काय बोललात तुम्ही?’

आणि हा माणूस, ज्याला आपण काय बोललो याची कल्पनाही नव्हती, तो म्हणाला, ‘बोललो ते बोललो.’ आणि मिळेल त्या बसनं परत आला.

माझ्याकडे आले आणि पायरीवरच बसले. मी शेजारी बसले. मग लक्षात आलं, असं शेजारी बसून उपयोग नाही. उठून समोरच्या कठड्यावर बसले, तोंड दिसेल असं.

‘बाई, मी त्या ताईंना फसवलं.’

‘म्हणजे?’

‘मला त्या खोलीत त्यांच्याकडे कूस करून बसवलं होतं, त्या दिसू नयेत म्हणून. पण समोर भिंतीवर तसबीर होती. काचेची. तिच्यात त्यांचा हात दिसत होता. आवाजाचं बटण दाबलं की खांदा हलायचा. खांदा हलला की मी हात वर करायचो. शब्द बोलल्या, ते ओठ पण दिसत होते.’ मामा खाली बघून बोलत होते. ‘ठरवून नाही केलं. काच दिसली की माझी नजर जातेच. पहिल्यांदा हात वर केला आणि त्या हसल्या. मग थांबवेना. वाटलं, आपण पास होतोय.’

मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. माणसानं आपल्या धंद्याची सगळी कला पणाला लावून स्वतःलाच चुना लावला होता.

‘आणि आज तिथे मी काय बोलून आलो, देव जाणे. लेक माझ्याकडे अशी बघत होती, जशी कुणी परक्याकडे बघते.’

‘चला,’ मी म्हटलं.

‘कुठे?’

‘तसबिरीकडे.’

ताईंसमोर मामा खुर्चीच्या कडेवर बसले, शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे. सांगता सांगता दोनदा थांबले. ताईंनी ऐकून घेतलं, उठल्या, त्या खोलीत गेल्या आणि तसबीर काढून घेऊन आल्या. तिच्यावर हिरवीगार टेकडी होती.

‘इतकी वर्षं आहे ती तिथे,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी वापरली नव्हती. चूक माझीसुद्धा आहे, शब्द बोलताना मी तोंड झाकायला हवं होतं. चला काका, पुन्हा.’

या वेळी मामांचा हात क्वचितच वर गेला. बाहेर आले तेव्हा डोळे पाणावले होते. त्या भयाण शांततेत आपण खरोखर कुठे आहोत हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. पडद्यावरच्या रेघा खोल तळाला गेल्या होत्या.

‘दोन्ही कान,’ ताई म्हणाल्या. ‘आणि हे.’ त्यांनी तो जाडजूड, कानामागचा उचलला. ‘साच्यासकट. आतला शेंगदाणा तुमच्या कानाला पुरणार नाही, जन्मात नाही.’

मामांनी ते यंत्र कानामागे धरून बघितलं. मग हळूच म्हणाले, ‘त्याच्यावर केस विणले तर? कल्ल्यांमधून खाली आणले तर कुणाला कळायचं नाही. मी विणतो.’

‘विणाल हो, छान विणाल. पण आवाज शिरायची भोकं वरच आहेत. केस घासले की दिवसभर कानात कुणीतरी झाडू मारतंय असं वाटेल.’

‘आणि कंगवा कुठे खोचू?’

‘खिशात!’ ताई आणि मी एकदमच म्हणालो.

साचा घ्यायला त्यांनी कानात गुलाबी लगदा भरला तेव्हा मात्र मामा जरा सैलावले. टोपासाठी डोक्याचे साचे त्यांनी आयुष्यभर घेतले होते. ‘तोंड हलवू नका म्हणायचं असतं माणसाला,’ त्यांनी ताईंना शिकवलं. ‘उलट आम्ही हलवायला सांगतो,’ ताई म्हणाल्या, ‘जेवताना-बोलताना कानाची नळी हलते, साचा त्यात बसला पाहिजे.’ मामांनी मान डोलावली. कारागिराला कारागिराचं म्हणणं पटतं.

यंत्रं तयार होऊन आली त्या दिवशी ताईंनी एक गोष्ट निक्षून सांगितली. ‘काका, हे एकटं पुरणार नाही. बोलणाऱ्यानं समोर बसलं पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे. तुम्ही ओठ वाचता ते माझ्याकडे लपवलंत ही चूक. पण ओठ वाचणं चूक नाही. ते तुमचं अर्धं ऐकणं आहे.’

मामा जिना उतरले. दुकानाच्या काचेपुढे या वेळी थांबले नाहीत. उलट मान फिरवून गेले. दोन्ही कानांमागे राखाडी, ठसठशीत यंत्रं. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटत होतं. टोपी घालू का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं घालू नका. हॉर्न वाजला आणि ते इतके दचकले की माझ्याच पायावर पाय दिला.

‘बाई, तुम्ही चला सोबत,’ ते म्हणाले. ‘पण बोलायचं नाही. विंगेत उभं राहायचं.’

लेकीनं दार उघडलं आणि बापाला आत घ्यायला तिनं जरा वेळच लावला. मग तिची नजर कानांवर गेली आणि ती बाजूला झाली. मी स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबले.

मामी ओट्यापाशी. पाठ.

मामांनी आधी जाऊन पंखा बंद केला, मग नळ. मामी वळल्या नाहीत. मामा स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभे राहिले. माणूस आयुष्यभर विंगेत राहिला, पहिल्यांदाच प्रकाशात आला, आणि बोलायचं होतं तेही कसं? आपली लाज आपल्या तोंडानं.

‘अगं, मला ऐकू येत नाही.’

पाठ थिजली.

‘त्या दिवशी तू काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. मागच्या खेपेलाही नाही. मी नुसतं हो म्हणालो. कशाला म्हणालो ते मला अजून माहीत नाही.’

मामी वळल्या. त्यांनी कान बघितले, एक, मग दुसरा. चेहऱ्यावर राग होता, आश्चर्य होतं, काय काय होतं. एकदम त्या पुढे आल्या, बहिऱ्या माणसाशी बोलायला आपण जसे जातो तशा, थेट त्यांच्या कानाला तोंड लावायला. तोंड कानाशी येताच यंत्रानं अशी कर्कश शिट्टी मारली की मामी किंचाळल्या, नुसत्या वाऱ्यानंच, आणि मागे सरल्या. मामांनी दोन्ही कान धरले.

‘जवळ आलं की ओरडतं ते,’ मामा खजील होऊन म्हणाले. ‘समोर बसावं लागतं. तोंड दिसेल असं.’

मामींचा हात गळ्याकडे गेला, व्रणाकडे. त्यांनी मान हलवली. नाही.

‘तोंड वेडंवाकडं होतं माझं,’ त्या तरीही बोलल्या. मामांकडे बघून बोलल्या, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. ‘घाण दिसतं. तुम्हाला दिसू नये म्हणून मी...’

‘म्हणून तू पाठमोरी बोलायचीस?’

मामींनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. लेकीनं दोन स्टुलं ओढली, एकमेकांसमोर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मामींनी आपलं स्टूल जरा मागे सरकवलं. मग बसल्या. मामाही बसले, गुडघ्यावर हात ठेवून, कुणाच्या तरी घरी मागणी घालायला आल्यासारखे.

‘कपाट काढून टाकू का विचारलं होतं मी,’ मामींनी सुरुवात केली, मान ताणून, शिरा फुगवून. ‘तेव्हा?’

‘नाही ऐकलं.’

‘भाच्याला तुमची सायकल देऊ का म्हटलं, तेव्हा?’

‘सायकल तू दिलीस?’ मामा स्टुलावरून अर्धे उठले. ‘अगं, मी चोरीला गेली म्हणून चौकीत तक्रार देऊन आलो!’

लेक तोंडावर हात दाबून हसायला लागली. मामींच्या खांद्यांनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांना एवढ्यावर सोडायचं नव्हतं.

‘म्हणजे तुमच्या होला काही अर्थच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘इतकी वर्षं मी भिंतीशी बोलले.’

मामांची मान खाली गेली. मामींनी बोटानं त्यांची हनुवटी वर केली, कारण मान खाली गेली की ऐकणं संपलं, हे त्यांना तेवढ्यात उमगलं होतं.

‘आता मी जे विचारते ते आधी माझ्यापुढे म्हणून दाखवायचं. मग उत्तर. नुसतं हो चालणार नाही.’

‘बरं.’

मामींनी विचारलं. दारातून मला तो आवाज ऐकूही आला नाही. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, ओढलेला, पिळवटलेला, आणि त्याच्यावर खिळलेले मामांचे डोळे. कपाळाजवळची ओळ विणताना असायचे तसे.

वाक्य त्यांना कळलं होतं, यात शंका नव्हती. कान पुन्हा लाल झाले होते, यंत्रांच्या पुढे, सगळ्यांना दिसतील असे.

‘म्हणा,’ मामी म्हणाल्या.

‘“तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय का?”’ मामांनी एकेक शब्द उचलून ठेवला. ‘असं विचारलंस. आणि मी त्याला हो म्हणालो?’

‘दोनदा.’

मामांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मामींनी त्यांचे हात तोंडावरून काढले आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतले. शिट्टी वाजू नये म्हणून त्या थोड्या मागेच रेलून बसल्या होत्या.

‘उत्तर राहिलंय,’ त्या म्हणाल्या.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत गेलो आणि मी दार लोटून घेतलं.